सेक्रेटरी कोण ठरवतो? लाल बावटा, प्रांत आणि आपण

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला आणि त्यानंतर ‘जय भीम, लाल सलाम’ ही जोडघोषणा देशभर ऐकू येऊ लागली. ती लातूर-नांदेडलाही पोचली. आज आपल्या तरुणांमध्ये या घोषणेवरून सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, डाव्यांनी बाबासाहेबांना आयुष्यभर पाण्यात पाहिले आणि आता ओहोटी लागल्यावर त्यांना निळा झेंडा आठवतो. दुसरा तट म्हणतो, शेतमजूर आपला, गायरानधारक आपला, मग शेतमजुरांची युनियन चालवणारा परका कसा? दोघेही भांडतात ते विचारांवर. वर्ग आधी की जात आधी, बुद्ध की मार्क्स.

आम्हाला इथे वेगळा प्रश्न मांडायचा आहे. विचार पुस्तकात असतो, पण निर्णय खुर्चीत बसलेला माणूस घेतो. कम्युनिस्ट पक्षात प्रांताची खुर्ची, म्हणजे राज्य सेक्रेटरीचे पद, कोणाला मिळते? ते कोण देतो आणि कोण काढून घेतो? ज्यांच्या घामावर पक्ष उभा राहिला त्यांच्यातला माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचतो का? इतिहासात याची उत्तरे सापडतात, आणि ती शोधताना आपल्या घरातले काही हिशेबही बाहेर येतात.

आधी ही खुर्ची काय चीज आहे ते समजून घेऊ. काँग्रेसमध्ये किंवा भाजपमध्ये मुख्यमंत्री झाला की प्रदेशाध्यक्ष मागच्या रांगेत जातो. कम्युनिस्ट पक्षात उलटे असते. पश्चिम बंगालमध्ये प्रमोद दासगुप्ता हे माकपच्या स्थापनेपासून १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत राज्य सेक्रेटरी होते. मंत्री कधीच नव्हते. पण ज्योती बसूंचे सरकार रायटर्स बिल्डिंगमध्ये जेवढे चालत होते तेवढेच अलिमुद्दीन स्ट्रीटवरच्या पक्षकार्यालयात चालत होते. पुढे १९९६ मध्ये बसूंना देशाचे पंतप्रधानपद चालून आले, तेव्हा पक्षाच्या मध्यवर्ती कमिटीने नाही म्हटले आणि बसू गप्प बसले. नंतर त्यांनी त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटले, पण निर्णय पाळला. जवळपास वीस वर्षे मुख्यमंत्री असलेल्या माणसाला कमिटीच्या ठरावापुढे मान तुकवावी लागते, याला तिथे ‘लोकशाही केंद्रीयता’ म्हणतात. खालच्या कमिटीने वरच्या कमिटीचे ऐकायचे. चर्चा आत करायची, ठरल्यावर बाहेर एकच सूर. नवी कमिटी निवडायची वेळ आली की मावळती कमिटी नावांचे पॅनल मांडते, अधिवेशन ते बहुधा मंजूर करते, आणि मग कमिटी आपल्यातून सेक्रेटरी निवडते. कागदावर निवड खालून वर होते, पण नावे येतात ती वरूनच.

जिथे या पक्षाच्या हातात सत्ता होती आणि देश अनेक राष्ट्रांचा मिळून बनलेला होता, तिथे या पद्धतीचे काय झाले? सोव्हिएत संघाच्या राज्यघटनेत घटक प्रजासत्ताकांना संघातून बाहेर पडण्याचाही हक्क दिलेला होता. आपल्या घटनेत तसला हक्क कोणत्याही राज्याला नाही. पण १९१९ च्या आठव्या काँग्रेसमध्येच पक्षाने ठरवून टाकले होते की युक्रेन असो वा लाटव्हिया, तिथल्या पक्षाच्या मध्यवर्ती कमिट्यांचा दर्जा प्रादेशिक कमिटीएवढाच राहील आणि त्या पूर्णपणे मॉस्कोच्या अधीन असतील. देश संघराज्य राहिला, पक्ष मात्र एकसंध राहिला. आणि सत्ता पक्षाकडे असल्यामुळे संघराज्य कागदावरच उरले. त्यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. सगळ्यात मोठ्या रशियन प्रजासत्ताकाला १९९० पर्यंत स्वतःचा वेगळा पक्षच नव्हता. गरज काय होती? केंद्राचा पक्ष तोच रशियाचा पक्ष होता. जो बहुसंख्य असतो त्याला वेगळी ओळख सांगावी लागत नाही, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

डिसेंबर १९८६ मध्ये कझाकस्तानचा फर्स्ट सेक्रेटरी कुनायेव याला हटवून मॉस्कोने गेनादी कोल्बिन नावाचा माणूस पाठवला. कोल्बिनने कझाकस्तानात कधी काम केलेले नव्हते. अल्माअताच्या चौकात कझाक तरुण उतरले, त्यांना मारून पांगवले गेले. कुनायेव काही धुतल्या तांदळाचा नव्हता. पण आपला माणूस कोण हे ठरवण्यात आपला हात असावा एवढे त्या पोरांना कळत होते.

युगोस्लाव्हियाचे उदाहरण आणखी बोलके आहे, कारण तिथे टिटोने स्टालिनशी फारकत घेऊन प्रांतांना खरोखर काही दिले होते. सहा प्रजासत्ताके, दोन स्वायत्त प्रांत आणि प्रत्येकाची स्वतःची कम्युनिस्ट लीग. या लीगच्या प्रमुखाला आपल्या प्रजासत्ताकाच्या पैशाबद्दल आणि भाषेबद्दल बोलता येत होते. क्रोएशियाच्या लीगची प्रमुख सावका दाब्चेविच-कुचार ही अर्थशास्त्र जाणणारी बाई होती. परकीय चलन क्रोएशिया मिळवतो आणि बेलग्रेड वापरते, असा तिचा आणि मिको त्रिपालो या तिच्या सहकाऱ्याचा मुद्दा होता. लोक त्यांच्यामागे उभे राहिले. १ डिसेंबर १९७१ रोजी टिटोने कारादोर्देवो इथे बैठक बोलावली, आणि त्याच महिन्यात दोघांनीही राजीनामे दिले. लोक मागे होते, पण खुर्ची लोकांनी दिलेली नव्हती. पुढच्याच वर्षी सर्बियातल्या उदारमतवादी नेतृत्वालाही तसेच घरी बसवले.

पुढचा भाग आपण नीट लक्षात ठेवला पाहिजे. विचारी माणसे काढून टाकली गेली, पण खुर्च्या तशाच राहिल्या. १९८६ मध्ये सर्बियाच्या लीगच्या खुर्चीवर स्लोबोदान मिलोशेविच बसला. १९८७ मध्ये ज्याने त्याला वर आणले त्या स्तांबोलिचलाच त्याने बाजूला केले. वर्ग, समाजवाद, बंधुता हे सगळे शब्द ठेवून त्याने सर्ब अस्मितेचे पेटते राजकारण केले. जानेवारी १९९० च्या चौदाव्या काँग्रेसमधून स्लोव्हेनियाचे प्रतिनिधी उठून गेले, पाठोपाठ क्रोएशियाचे गेले आणि युगोस्लाव्हियाचा पक्ष तिथेच संपला. नंतरची युद्धे सगळ्यांना माहीत आहेत. समूहाचा प्रश्न ‘वर्गात मिसळून जाईल’ म्हणून झाकून ठेवला की तो मरत नाही. तो पुढच्या लबाड माणसाच्या हाती लागतो.

आता आपल्या मुलखात येऊ. आमचे रेणापूर निजामाच्या राज्यात होते. त्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तीन भाषिक विभाग होते, म्हणजे तेही एक लहानसे बहुराष्ट्रीय राज्यच. कम्युनिस्टांचा जोर तेलंगणात होता. तिथे आंध्र महासभेच्या झेंड्याखाली वेठबिगारीविरुद्ध आणि देशमुखी जमीनदारीविरुद्ध १९४६ ते १९५१ असा सशस्त्र लढा झाला. त्या लढ्यात अस्पृश्य शेतमजूर मोठ्या संख्येने होते, हे कोणी नाकारू नये. मराठवाड्यात पक्ष त्या मानाने क्षीण राहिला. चंद्रगुप्त चौधरी, व्ही. डी. देशपांडे अशी मोजकी नावे निघतात. हे देशपांडे मराठी भाषक, पण १९५२ मध्ये निवडून आले ते तेलंगणातल्या इप्पागुडामधून, आणि हैदराबाद विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. संस्थानात पक्षावर बंदी असल्यामुळे उमेदवार ‘पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट’ या नावाने उभे होते.

पक्षाने राष्ट्रीयत्वाचा प्रश्न कसा पाहिला हेही तपासले पाहिजे. १९४२ मध्ये गंगाधर अधिकारी यांच्या मांडणीवर पक्षाने ठराव केला की भारत हा अनेक राष्ट्रीयत्वांचा देश आहे आणि त्यांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे. त्यातून पुढे विशाल आंध्र, ऐक्य केरळ आणि संयुक्त महाराष्ट्र या घोषणा आल्या. विचार धाडसी होता. पण राष्ट्रीयत्व मोजायचे माप भाषेचे होते. तेलुगू एक, मराठी एक, मल्याळी एक. गावकुसाबाहेरचा माणूस कोणत्या राष्ट्रीयत्वाचा? तो मराठीच. म्हणजे मराठी प्रांताचा पक्ष, मराठी प्रांताची कमिटी, मराठी प्रांताचा सेक्रेटरी, आणि या सगळ्यात महार-मांग-चांभाराचा प्रश्न ‘शेतमजूर’ या रकान्यात. भाषेच्या मापाने प्रांत पाडले की त्या भाषेतला शिकलेला, बोलका, इंग्रजी जाणणारा वर्ग आपोआप प्रांताचा चेहरा बनतो. १९३० आणि १९४० च्या दशकांत तो वर्ग कोणत्या जातींचा होता हे सांगायला नको. डांगे, रणदिवे, सरदेसाई, देशपांडे, कोल्हटकर ही आडनावेच पुरेशी आहेत.

बाबासाहेबांनी हेच नेमके पकडले होते. १९५३ मध्ये सेलिग हॅरिसन या अमेरिकन पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की इथला कम्युनिस्ट पक्ष सुरुवातीपासून ब्राह्मण पोरांच्या हातात राहिला, म्हणूनच मराठा आणि अस्पृश्य समाजात त्याचे मूळ धरले नाही, आणि अशांच्या हाती भारतातली चळवळ सोपवण्यात रशियनांची चूक झाली. या वाक्याचा वापर आज लोक शिवी म्हणून करतात. आम्ही तसे वाचत नाही. ते संघटनशास्त्राचे निरीक्षण आहे. बाबासाहेब विचारत होते की नेतृत्व सोपवले कोणी आणि कोणाला. त्याच १९५० च्या दशकात भाषावार प्रांतांवर लिहिताना त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये करावीत असे सुचवले होते, आणि त्यात मराठवाडा मध्य महाराष्ट्रात धरला होता. एका भाषेचे एकच मोठे राज्य झाले तर एका जातीची बहुसंख्या कायमची मानेवर बसेल, हे त्यांना दिसत होते. कम्युनिस्टांना भाषेच्या आतली जात दिसली नाही आणि बाबासाहेबांना ती सोडून दुसरे काही आधी दिसणे शक्य नव्हते.

एकत्र काम झालेच नाही असे मात्र नाही. १९२८ च्या मुंबईच्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला की कापडखात्यात अस्पृश्यांना घेतले जात नाही, ही बंदी उठवण्याची मागणी यादीत हवी. विणकाम खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे सवर्ण कामगार अस्पृश्याला उभे करत नसत. संपाच्या पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण मनापासून नाही. जास्त पगाराचे खाते आणि विटाळ यांचे हे लग्न तोडायला लाल बावट्याला बाबासाहेबांनी बजवावे लागले, यातच सगळे आले. तरीही १० जानेवारी १९३८ रोजी खोती पद्धतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर गेला तो स्वतंत्र मजूर पक्षाच्या पुढाकाराने, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध जो एक दिवसाचा संप झाला त्यात मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून होते. शामराव परुळेकर तर स्वतंत्र मजूर पक्षाचेच आमदार, ते पुढे कम्युनिस्ट झाले आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वारली आदिवासींमध्ये गेले.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर एकाच वेळी दोन वेगळी चित्रे दिसली, आणि आपल्याकडे त्यातले एकच सांगितले जाते. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात स्पष्ट होते की व्यक्तिस्वातंत्र्य आणि संसदीय लोकशाही मोडून हुकूमशाही आणू पाहणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाशी युती नाही. मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघात बाबासाहेब राखीव जागेवर उभे होते, समाजवादी अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर, आणि डांगेही तिथेच. मतदाराला दोन मते होती. डांग्यांच्या बाजूने प्रचार झाला की दुसरे मत वाया घालवा. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना १,३८,१३७. फरक १४,५६१ चा. बाबासाहेब आणि मेहता यांनी या कुजवलेल्या मतांवर निवडणूक याचिकाही केली, ती फेटाळली गेली. घटनेचा शिल्पकार पहिल्या लोकसभेत नसावा, यात या प्रचाराचा वाटा किती हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही तो लहान मानत नाही.

हे चित्र सगळ्यांना पाठ आहे. दुसरे चित्र हैदराबाद संस्थानातले, म्हणजे आपल्याच राज्यातले. करीमनगरच्या द्विसदस्य मतदारसंघात सर्वसाधारण जागा पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या बद्दम येल्ला रेड्डींनी जिंकली आणि राखीव जागा फेडरेशनच्या एम. आर. कृष्णांनी. संपूर्ण देशात फेडरेशनला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, त्यातली एक ही आणि दुसरी सोलापूरची पां. ना. राजभोजांची. आमचा अंदाज असा की लाल मते आणि निळी मते एकमेकांना पडल्याशिवाय करीमनगरचा निकाल लागणे शक्य नव्हते. मग एकाच निवडणुकीत मुंबईत एक आणि करीमनगरात दुसरे कसे? तेलंगणात कूळ, वेठिया आणि शेतमजूर आपल्या अनुभवातून पक्षाला वाकवत होते. मुंबईत पक्ष डांग्यांच्या हिशेबाने चालत होता.

डांगे हा या सगळ्या प्रश्नाचा धडा आहे. मेरठ कटाचे आरोपी, गिरणी कामगारांचे पुढारी, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ला मुंबईतून प्रचंड मतांनी निवडून आलेले. १९६२ मध्ये सरचिटणीस अजय घोष वारले, तेव्हा भांडण मिटवायला पक्षाने चेअरमन असे नवेच पद काढून डांग्यांना त्यावर बसवले आणि सरचिटणीस केले नंबुद्रिपादांना. १९६४ मध्ये १९२४ ची म्हणून काही पत्रे छापून आली, त्यात तुरुंगातून ब्रिटिशांना मदतीची तयारी दाखवल्याचा आरोप होता. ११ एप्रिल १९६४ ला राष्ट्रीय कौन्सिलमधून ३२ जण बाहेर पडले आणि पक्ष फुटला. त्याच डांग्यांना १९८१ मध्ये त्यांच्याच उरलेल्या पक्षाने काढून टाकले. लाखो कामगार ज्याला आपला म्हणत होते त्याला पक्षात घ्यायचे वा काढायचे यावर त्या लाखोंना एकदाही विचारले गेले नाही. क्रोएशियाच्या सावकाची आणि परळच्या डांग्यांची गोष्ट इथे येऊन मिळते.

आणि आता ज्या माणसाबद्दल लिहिण्यासाठी हा लेख घेतला, त्याच्याकडे येतो.

कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, महाड तालुक्यातला. मार्च १९२७ ची महाडची परिषद बाबासाहेबांनी गाजवली, पण ती महाडला भरावी, बाबासाहेबांनी तिथे यावे, गावोगाव निरोप जावेत, धान्य गोळा व्हावे, हे काम उभे करणाऱ्यांत मोरे पुढे होते. त्यासाठी ते १९२४ पासून बाबासाहेबांच्या मागे होते. चवदार तळ्याच्या इतिहासात त्यांचे नाव वगळता येत नाही. १९३० च्या सुमारास मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९७२ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. बाबासाहेबांशी त्यांचे नाते तुटले नाही. एका बाजूला पक्षातले कॉम्रेड त्यांना ‘आंबेडकरवादी’ म्हणून चाचपत, दुसरीकडे समाजातले लोक ‘लाल झाला’ म्हणून नाक मुरडत. दोन्हीकडून टपल्या खाणाऱ्या माणसाची जी अवस्था होते ती आज विद्यापीठांतल्या आपल्या अनेक पोरांची आहे.

या माणसाने १९५० च्या दशकात पक्षाच्या नेतृत्वाला अस्पृश्यता आणि जातीच्या प्रश्नावर टिपण लिहून दिले. पक्षफुटीनंतर १९६४ मध्ये पुन्हा दिले. आशय असा की जातीचा प्रश्न आर्थिक लढ्याच्या शेपटाला बांधून सुटणार नाही, पक्षाने तो स्वतंत्रपणे आणि गंभीरपणे हाती घ्यावा. कल्पना करा, ज्याने महाडची परिषद उभी केली त्याला जातीवर अर्ज लिहावा लागतो आणि तो वाचायचा की फायलीत ठेवायचा हे वरची कमिटी ठरवते. मोरे निर्णयाच्या खुर्चीत असते तर टिपणाऐवजी ठराव झाला असता. ते प्रांताचे सेक्रेटरी कधीच झाले नाहीत. माकपचे ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक मात्र त्यांनी सुरू केले, तेही १४ एप्रिल १९६५ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीला. तारीख निवडण्यापुरता का होईना, त्यांचा हात चालला.

अण्णा भाऊ साठेंचेही तेच. लाल बावटा कलापथकाने संयुक्त महाराष्ट्र गावागावांत नेला, ‘फकिरा’ अण्णा भाऊंनी बाबासाहेबांना अर्पण केली. पक्षाला त्यांचा डफ हवा होता. कमिटीत त्यांचे मत किती हवे होते?

त्यानंतर काय बदलले हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, नाहीतर आपणही व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डसारखे लिहू लागू. माकपच्या राज्य सेक्रेटरीपदावर कोल्हटकर, संझगिरी, ढवळे यांच्यानंतर सोलापूरचे नरसय्या आडम आले. तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातला, विडी कामगारांच्या घरांसाठी लढलेला माणूस. भाकपचे राज्य सेक्रेटरीपद गरीब शेतकरी घरातून आलेल्या गोविंद पानसरेंनी सांभाळले. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. मराठवाड्यातून भालचंद्र कांगो त्या पदापर्यंत पोचले. देशपातळीवर २०१९ मध्ये डी. राजा भाकपचे सरचिटणीस झाले, पक्षाच्या इतिहासातले पहिले दलित सरचिटणीस. पक्ष स्थापन झाला डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला. म्हणजे ९३ वर्षांहून जास्त काळ लागला. माकपच्या पॉलिट ब्युरोत पहिला दलित सदस्य, बंगालचे रामचंद्र डोम, एप्रिल २०२२ मध्ये आला. पक्ष १९६४ चा. हिशेब ज्याचा त्याने करावा. आमच्या शेजारच्या बीडने १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांना भाकपचे आणि १९७७ मध्ये गंगाधर अप्पा बुरांडेंना माकपचे खासदार म्हणून पाठवले. म्हणजे मराठवाड्याने लाल उमेदवाराला मत दिलेच नाही असे नाही. पण आज तिथे, आणि लातूर-नांदेडलाही, लाल झेंड्याचे बळ मोर्च्यापुरते उरले आहे. (आमचा रेणापूर विधानसभा मतदारसंघही २००९ च्या निवडणुकीपासून नकाशावर नाही, पण ते दुःख वेगळे.)

इथवर वाचून जे मित्र खूश झाले असतील त्यांना आता थोडा त्रास देतो. माकपने २०१२ मध्ये आपल्या पक्षघटनेत दुरुस्ती केली की सेक्रेटरीपद कोणत्याही पातळीवर तीन पूर्ण मुदतींपेक्षा जास्त काळ एकाकडे राहणार नाही. पुढे वयाची मर्यादाही आली. आपल्या रिपब्लिकन गटांपैकी किती गटांत असा नियम आहे? किती गटांच्या जिल्हाध्यक्षाची निवड जिल्ह्यातले सभासद करतात आणि किती ठिकाणी मुंबईहून नियुक्तीचे पत्र येते? लातूर जिल्ह्यात ज्यांनी कधी पद घेतले त्यांनी ते पत्र पाहिले आहे. अल्माअतात कोल्बिन उतरला तसाच आपल्याकडेही जिल्हाध्यक्ष उतरतो.

बाबासाहेबांच्या काळात असे नव्हते. १९४२ मध्ये नागपूरला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले तेव्हा अध्यक्ष झाले मद्रासचे एन. शिवराज. बाबासाहेबांचा शब्द अखेरचा असे हे खरे, पण खुर्चीवर दुसऱ्या प्रांतातला माणूस बसवायचे भान त्यांना होते. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरलाच रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला तेव्हाही अध्यक्ष शिवराजच. नंतर दादासाहेब गायकवाड आणि बी. सी. कांबळे यांच्यात फूट पडली. त्या भांडणात एक आरोप असा होता की दादासाहेब कम्युनिस्टांच्या नादी लागले. त्याच दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरपासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, आणि त्यात मराठवाड्यातली हजारो माणसे तुरुंगात गेली. १९५३ लाच मराठवाड्यात फेडरेशनने पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केलेला होता, त्याचीच ती पुढची पायरी. आज १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या गायरान अतिक्रमणांचा दाखला घेऊन जे लोक तहसीलमध्ये चकरा मारतात ते त्या सत्याग्रहाचे वारस आहेत. पुढे १९७४ मध्ये दलित पँथर फुटली तेव्हाही ढसाळांवर मार्क्सवादी असल्याचा शिक्का मारला गेला. आपल्याकडे ‘लाल’ हा शब्द बऱ्याचदा विचार खोडायला नाही, खुर्ची रिकामी करायला वापरला गेला आहे.

मग बाबासाहेबांचा स्वतःचा पर्याय कोणता होता? १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेतजमीन आणि मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे करा असे लिहिले, म्हणजे समाजवादात ते कुठल्याही कम्युनिस्टापेक्षा मागे नव्हते. पण तो समाजवाद त्यांना घटनेत हवा होता. पक्षाच्या कमिटीवर तो सोपवायची त्यांची तयारी नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सांगितले की संसदीय पद्धत या देशाला नवी नाही, बौद्ध भिक्खू संघाला बैठकव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळे माहीत होते. २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांचा रोख साध्यापेक्षा साधनांवर होता. दुःख दोघांनाही दिसले. पण बुद्धाने वारस नेमला नाही. भिक्खूंनी विचारले तेव्हा त्याने धम्माकडे बोट दाखवले. महापरिनिर्वाणानंतर संघाला सरचिटणीस नव्हता आणि तरी पहिली संगीती झाली, वाद झाले, निर्णय झाले. संघातही पुढे फुटी पडल्या, हे आम्हाला माहीत आहे. पण गादीसाठी तिथे भांडायला गादीच ठेवलेली नव्हती.

त्याच १९५६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. प्राचार्य होते शां. शं. रेगे. बाबासाहेबांच्या जाण्यानंतर काही महिन्यांत शाळा बंद पडली. कम्युनिस्टांच्या पार्टी स्कूलची टिंगल आपण करतो, पण तालुक्याचा कार्यकर्ता दोन दिवस बसून जमीन कायदा शिकतो हे दृश्य आज त्यांच्याकडे दिसते, आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी.

तेव्हा संयुक्त मोर्चाचे निमंत्रण आले की जायचे की नाही? जावे. शेतमजुरांच्या मजुरीवर, गायरानावर, शिष्यवृत्तीवर, अॅट्रॉसिटीच्या प्रकरणावर जावे. पण जाण्याआधीच्या बैठकीत काही गोष्टी लिहून घ्याव्यात. निवेदनावर पहिली सही कोणाची, तडजोडीच्या बोलणीला कलेक्टरच्या दालनात कोण जाणार, आणि मोर्चा मागे घ्यायचा निर्णय कोण घेणार. १९२८ मध्ये मागण्यांच्या यादीत आपली मागणी कशी घुसवावी लागली ते आठवून जावे. आणि आपल्या स्वतःच्या तालुका शाखेची बैठक असेल तर हेच प्रश्न तिथेही विचारावेत.

आमच्या रेणापूरच्या अभ्यासवर्गात पुढच्या महिन्यापासून आर. बी. मोरे यांचे चरित्र वाचायला घेत आहोत. त्यांचे सुपुत्र सत्येंद्र मोरे यांनी ते मराठीत आणले आहे. पहिल्या दिवशी महाडच्या तयारीचा भाग वाचायचा आहे आणि दुसऱ्या दिवशी पक्षाला दिलेल्या टिपणांचा. माकपच्या दोन स्थानिक कॉम्रेडनाही बोलावले आहे. त्यांनी यायचे कबूल केले आहे.